जुन्या थ्री-नॉट-थ्रीचे मूळ भाग आणि बदललेले भाग कसे ओळखायचे

नळदुर्गच्या बाजूला एका जुन्या वाचनालयात भिंतीवर एक थ्री-नॉट-थ्री रायफल लावलेली आहे. नळीला भोक पाडलेलं आहे, फायरिंग पिन काढलेली आहे आणि कागदपत्रं संस्थेच्या कपाटात व्यवस्थित ठेवलेली आहेत. खाली लाकडी पाटीवर लिहिलं होतं, ‘१३ सप्टेंबर १९४८ च्या नळदुर्ग कारवाईतील रायफल’, म्हणजे हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या पोलीस कारवाईतली. एका पाहुण्याने बोल्टवरचा, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्यावरचा नंबर आणि बॉडीवरचा, म्हणजे बोल्ट आणि नळी धरणाऱ्या मुख्य धातूच्या भागावरचा नंबर वेगळा असल्याचं दाखवलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ही रायफल बनावट आहे. ग्रंथपाल ताईंना ते फार लागलं. त्यांनी मला फोन केला, “मेजर, एकदा येऊन बघता का? नंबर का जुळनात हे कुणालाच सांगता येईना.”

मी फौजेत आर्मोरर, म्हणजे शस्त्रं तपासून दुरुस्त करणारा कारागीर होतो. नंबर न जुळणं म्हणजे बनावट असणं नव्हे, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं गेलं. सैन्यातली रायफल तीस-चाळीस वर्षं चालते. नळी झिजली की बदलतात, लाकूड तडकलं की बदलतात, हरवलेला स्क्रू दुसऱ्या नगाचा बसतो. बदललेला भाग कुठला, तो कुणी बदलला आणि साधारण कधी बदलला, एवढं ओळखता आलं की ती रायफल कुठून कशी आली हे बऱ्यापैकी वाचता येतं. त्या वाचनालयात दोन दिवस बसून मी ताईंना जे शिकवलं, तेच इथे लिहितो आहे.

हात लावण्याआधी कायदा

हे वगळून पुढे जाऊ नका. थ्री-नॉट-थ्री ही आपल्या देशात प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) येते. त्यामुळे तुमच्यासमोर ती येईल तर बहुधा पोलिसांच्या किंवा फौजेच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रं ठेवण्याच्या खोलीत, एनसीसीच्या ड्रिल रायफलीच्या रूपात, नाहीतर संग्रहालयात निकामी केलेल्या अवस्थेत. ज्यांच्या घरी परवान्याची तीनशे पंधरा बोअरची स्पोर्टिंग रायफल आहे, तिची घडणही थ्री-नॉट-थ्रीसारखीच, ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीची असते. म्हणून या लेखातलं बरंचसं तिलाही लागू पडेल.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘अग्निशस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. परदेशातल्या दुकानातून ‘जुळणारा बोल्ट’ मागवावा असं मनात आलं तर तो विचार तिथेच सोडा. भंगारवाल्याकडे एखादा भाग दिसला तरी उचलून घरी आणू नका. याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा ओळख-नंबर खोडणं, बदलणं किंवा खोटा मारणं हा गुन्हा आहे. ‘नंबर जुळवून देतो’ म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्या दारातही जाऊ नका.

ज्याच्या ताब्यात शस्त्र आहे त्याच्या परवानगीने आणि त्याच्या समोरच ते बघा. मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून बघा. निकामी आहे असं कुणी सांगितलं तरी हे करायचंच. माझे उस्ताद म्हणायचे, कागदावर रिकामी आणि हातात रिकामी यांत फरक असतो.

सामान काय लागेल

एक वही, पेन्सिल, उजेड तिरका पाडता येईल अशी लहान टॉर्च, भिंग, सुती चिंदी, खडूची पूड आणि मोबाइलचा कॅमेरा. एवढं बास. सँडपेपर, तारेचा ब्रश, रंग काढायचं द्रावण यातलं काहीच नको. गंज आणि रंग हाही पुरावाच असतो, तो घासून टाकलात तर परत येत नाही.

नंबर पुसट असेल तर चिंदीने धूळ पुसा, बोटाने खडूची पूड त्यावर फिरवा आणि वरची पूड अलगद पुसून घ्या. खोलगट आकड्यांत पांढरं राहतं. मग टॉर्च समोरून धरू नका, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. वाचनालयातल्या रायफलीच्या नोज कॅपवर, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या धातूच्या टोपीवर, ताईंना ‘३’ दिसत होता. उजेड बाजूने आणला तेव्हा तो ‘८’ निघाला. डावीकडच्या दोन्ही कडा काळ्या रंगाने भरून गेल्या होत्या.

आधी नंबर, सगळे, एका वहीत

नवखा माणूस नेहमी बटवर, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या लाकडावर, रंगवलेल्या नंबरापासून सुरू करतो, आणि तिथेच फसतो. बट नंबर हा त्या तुकडीने आपल्या सोयीसाठी दिलेला असतो. कोतमध्ये रॅकवर रायफल पटकन सापडावी, जवानाला आपली ओळखता यावी, एवढंच त्याचं काम. रायफल दुसऱ्या युनिटला गेली की जुना बट नंबर खरवडून नवा रंगवतात. त्याचा जुळण्याशी संबंध नाही. तो वहीत वेगळ्या पानावर लिहा.

खरा नंबर तो धातूत ठोकलेला. जुन्या शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्डवर, म्हणजे आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणाऱ्या मार्क थ्री आणि मार्क थ्री स्टार या नमुन्यांवर, तो या जागी शोधा:

बॉडीच्या पुढच्या गोल भागावर, उजवीकडे. तिथूनच पुढे नळीच्या मागच्या जाड भागावर. बोल्टच्या हँडलच्या मुळाशी, मागच्या अंगाला. बॅकसाइटची (नेम धरायच्या मागच्या साधनाची) पट्टी उचलून तिच्या खालच्या बाजूला. नोज कॅपवर, खालून. आणि फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या, खालच्या अंगाला, नोज कॅपच्या लगेच मागे.

नंबर म्हणजे नुसते चार आकडे मानू नका. पूर्वीच्या कारखान्यांत नंबर ९९९९ पर्यंत जायचे आणि पुढचं अक्षर बदलून पुन्हा सुरू व्हायचे. त्यामुळे आकडे तेच आणि अक्षर वेगळं, असा बोल्ट समोर येऊ शकतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका पोराने आनंदाने ‘जुळला’ म्हणून सांगितलं होतं. बॉडीवर ‘के’ होतं, बोल्टवर ‘आर’. दोन वेगळ्या रायफली. अक्षर लिहिल्याशिवाय नंबर पूर्ण होत नाही.

आता बघायचं ते आकड्यांचं रूप. कारखान्यात एका नगाचे सगळे भाग एकाच वेळी, एकाच पंचाच्या संचाने ठोकलेले असण्याची शक्यता जास्त. ‘४’ चं डोकं उघडं की बंद, ‘७’ ची मान सरळ की वाकडी, आकड्यांची उंची किती, हे भिंगातून बघा. आकडे तेच पण घडण वेगळी असेल तर तो भाग नंतर बसवला आणि बॉडीचा नंबर त्यावर मारला, असं समजा. यात खोटेपणा नाही. आर्मोररचं ते रोजचं काम होतं.

आणि हा फरक नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी बरेचजण चुकतात. फौजी दुरुस्तीत जुना नंबर लपवत नाहीत. त्यावर एक आडवी रेघ मारतात आणि शेजारी नवा नंबर ठोकतात. दोन्ही वाचता येतात, तसं ठेवण्याची पद्धतच होती. उलट जिथे धातू घासून पृष्ठभाग थोडा बसका झाला आहे, आजूबाजूचं ब्लूइंग, म्हणजे धातूवरचा निळसर-काळा थर, गेलेलं आहे आणि त्या चकचकीत खळग्यात एकच नवाकोरा नंबर आहे, तिथे थांबा. बोटाचं नख आडवं फिरवा, खळगा डोळ्याला दिसला नाही तरी नखाला लागतो. असं काही चालू शस्त्रावर सापडलं तर ते मालकाला आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला सांगण्यासारखं प्रकरण आहे. आपण स्वतः निकाल देत बसायचं नाही.

बट सॉकेटवर काय लिहिलंय

लाकडी बट जिथे धातूत शिरतो त्या पट्ट्याला बट सॉकेट म्हणतात. तिची उजवी बाजू म्हणजे रायफलीचा जन्मदाखला. वर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, मग कारखाना, साल आणि मार्क.

ब्रिटनमधल्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचं नाव पूर्ण लिहिलेलं असतं. बर्मिंगहॅमच्या कंपनीचं ‘बी.एस.ए.’, लंडनच्या कंपनीचं ‘एल.एस.ए.’. ऑस्ट्रेलियातली लिथगोची. आपल्याकडच्या नगांवर इशापूर, म्हणजे पश्चिम बंगालमधली रायफल फॅक्टरी. ब्रिटिश काळातल्या इशापूरच्या मालावर मुकुटासोबत ‘जी.आर.आय.’ दिसतं, राजा आणि सम्राट अशा अर्थाचं. प्रजासत्ताकानंतरच्या मालावर अशोकस्तंभाचे सिंह. सुट्या भागांवर ‘आर.एफ.आय.’ ही तीन अक्षरं बारीक असतात, पण ती शोधायची सवय लावा. एनफिल्डच्या १९१७ च्या बॉडीवर ‘आर.एफ.आय.’ लिहिलेली नोज कॅप दिसली तर ती कुठल्या देशात बसली हे वेगळं सांगायला नको.

बाणही बघा. नुसता बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. बाणाखाली ‘आय’ अक्षर म्हणजे हिंदुस्थान सरकारची. ‘सी’ अक्षराच्या पोटात बाण म्हणजे कॅनडा. दोन बाण टोकाला टोक लावून आले तर रायफल सेवेतून विकून टाकली होती.

सॉकेटवर किंवा बॉडीच्या डाव्या अंगाला ‘एफ.टी.आर.’ आणि साल दिसलं तर ही रायफल कारखान्यात पूर्ण उघडून, तपासून, जुने भाग काढून पुन्हा बांधलेली आहे. अशा नगावर जुळणारे नंबर नवे असू शकतात आणि तरीही ते पूर्णपणे अधिकृत असतात. ‘डी.पी.’ दिसलं तर ड्रिलसाठी ठेवलेली. तिच्यावर वेगवेगळ्या नगांचे भाग असणार हे धरूनच चाला. ड्रिलच्या रायफलीला परेडमध्ये हातात उभं राहायचं होतं, गोळी झाडायची नव्हती.

घडण जुळते का

नंबर नसलेल्या भागांसाठी हाच एक मार्ग आहे. मार्क थ्री १९०७ मध्ये आली. तिच्यात मॅगझीन बंद करणारी कट-ऑफची पट्टी होती, लांबच्या अंतरासाठी डाव्या बाजूला व्हॉली साइट होती, आणि बॅकसाइट डावी-उजवीकडे सरकवता येत होती. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायचं म्हणून १९१६ मध्ये मार्क थ्री स्टारमध्ये हे सगळं काढून टाकलं. आता समजा सॉकेटवर मार्क थ्री स्टार लिहिलं आहे, पण फोरएंडच्या डाव्या बाजूला व्हॉली साइटची चकती बसवायची जागा आहे. मग ते लाकूड जुन्या मार्क थ्रीचं आहे. त्याउलट असेल तर नंतरचं.

पण इथेही घाई नको. युद्धाच्या काळात कारखान्यांत शिल्लक असलेले जुने भाग संपेपर्यंत वापरले जात. सालाच्या सीमेवरच्या रायफलीत दोन्ही काळांचे भाग मूळचेच असू शकतात.

कॉकिंग पीस, म्हणजे बोल्टच्या मागे बोटाने मागे ओढायचा तुकडा, आधी गोल घुंडीचा होता. पुढे तो दोन्ही बाजूंनी सपाट, साधा केला. १९१० च्या रायफलीवर सपाट घुंडी म्हणजे बदललेली. मॅगझीनचं तर विचारूच नका. सगळ्यात जास्त अदलाबदल त्याचीच होते, त्यावरून काही सिद्ध करायला जाऊ नका.

एक गैरसमज आपल्याकडे फार आहे. फोरएंडवर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली रायफल दिसली की लोक म्हणतात, लाकूड फुटलं होतं म्हणून बांधलं. तसं नाही. नळीच्या तोंडावर कप लावून ग्रेनेड फेकायच्या रायफलींना हा बांध घालत, झटक्याने लाकूड फुटू नये म्हणून. तो दुरुस्तीचा नव्हे, वेगळ्या कामाचा पुरावा.

असाच दुसरा प्रकार म्हणजे इशापूरने पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी बदललेली चारशे दहा बोअरची मस्केट. ती मुळात थ्री-नॉट-थ्रीच होती. नळी आतून गुळगुळीत केलेली, आणि मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा. तो ठोकळा बघून ‘मॅगझीन हरवलंय, कुणीतरी जुगाड केलाय’ असं लिहून मोकळं होऊ नका.

आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने ७.६२ मिलिमीटरची टू-ए आणि टू-ए-वन बनवली. लांबून ती हुबेहूब थ्री-नॉट-थ्री दिसते. मॅगझीन चौकोनी आणि बारा गोळ्यांचं, तर थ्री-नॉट-थ्रीचं तळाशी तिरकं आणि दहाचं. टू-ए-वनच्या बॅकसाइटवर आकडे ८०० वर संपतात, जुन्या थ्री-नॉट-थ्रीवर २००० पर्यंत जातात. काडतुसांचा तळही वेगळा, थ्री-नॉट-थ्रीला कडा असते, ७.६२ ला नसते. यातला एकाचा बोल्ट दुसऱ्यात दिसला तर ती मोठी गडबड आहे. लगेच नोंद करा.

लाकूड

लाकडाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक रंगावर जातात. बटचा रंग गडद आणि फोरएंडचा फिका म्हणजे एक बदललेला, असा निष्कर्ष काढू नका. बटच्या मानेला वर्षानुवर्षं तळहाताचा घाम आणि तेल लागतं, तिथे लाकूड काळंभोर होतं. हँडगार्डखालच्या (नळीवरच्या लाकडी झाकणाखालच्या) लाकडाला ऊनही लागत नाही. तुलना करायची तर न दिसणाऱ्या जागांची करा. बटप्लेटचे (बटच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीचे) दोन स्क्रू आर्मोररकडून काढून घ्या आणि बटचं टोक बघा. मग नोज कॅपमागची फोरएंडची कडा बघा. रेषांची दाटी आणि ओघ सारखा असला तर लाकडाची जात एकच.

ब्रिटिश बनावटीला अक्रोड, लिथगोला बहुतेक कोचवुड नावाचं ऑस्ट्रेलियन लाकूड. अक्रोडाचे डाग खोल आणि वळणाचे असतात. कोचवुडचं दळ बारीक, रंग तांबूस आणि रेषा कमी.

इशापूरची खास खूण म्हणजे फोरएंडमधून बॉडीजवळ आडवा गेलेला स्क्रू. गोळीच्या झटक्याने लाकूड तडकू नये म्हणून तो आर-पार घालत. ब्रिटनमध्ये बनलेल्या बॉडीवर असा फोरएंड दिसला तर तो हिंदुस्थानात बदललेला किंवा इथे मजबूत केलेला.

बटवर, बटप्लेटच्या थोडं पुढे, वरच्या बाजूला एखादं अक्षर ठोकलेलं असेल. ‘एल’ म्हणजे लांब, ‘एस’ म्हणजे आखूड, ‘बी’ म्हणजे त्याहून आखूड. काहीच नसेल तर मध्यम लांबीचा. जवानाच्या हाताच्या लांबीप्रमाणे बट बदलून देत. त्यामुळे बट बदललेला असला तर ते नुकसान समजू नका. कुणाच्या तरी खांद्याला बसावा म्हणून तो बदलला. उजव्या बाजूला पितळी चकती असेल तर त्यावर तुकडीच्या खुणा असतात. त्या वाचून लिहून घ्या. युद्धाच्या काळात चकती बंद झाली, म्हणून फक्त छिद्र नसणं किंवा बुजवलेलं असणं यावर फार जोर देऊ नका.

आता एक कडक सूचना. जुन्या शॉर्ट ली-एनफिल्डचा बट कधीही आधी सोडवायचा नाही. बट आत एका लांब बोल्टने धरलेला असतो. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढे फोरएंडच्या मागच्या कडेला बसवलेल्या पट्टीत अडकतं. फोरएंड काढण्याआधी तो बोल्ट फिरवला तर चौकोन लाकडाला फाडून बाहेर येतो. मी प्रशिक्षणात असताना नेमकं हेच केलं. ‘कट्’ असा एकच आवाज आला आणि चाळीस वर्षं टिकलेलं अक्रोडाचं लाकूड माझ्या हातात उभं चिरलं. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी तो तुकडा माझ्या बेडशेजारच्या टेबलावर ठेवायला लावला, कोर्स संपेपर्यंत. त्यामुळे सांगतो, नवख्याने काही उघडू नये. जे बाहेरून वाचता येतं तेवढं वाचावं, बाकी आर्मोररला सोपवावं.

आपल्या उन्हाचाही विचार करा. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि लाकूड आकसतं. हँडगार्ड सैल वाजतो म्हणून तो दुसऱ्या रायफलीचा आहे असं म्हणू नका. फौजेत लाकडाला कच्चं जवसाचं तेल लावतात. लातूर-बीडच्या रानात रब्बीत जवस होतंच, तेल गावातल्या घाण्यावर मिळतं. कापसाच्या बोळ्याने अगदी पातळ, बोटाने चोळत, एक हात देऊन आठवडाभर मुरू द्या. तेल लावल्यावर लपलेल्या गोष्टी उघड्या पडतात. जुन्या लाकडात बसवलेलं नव्या लाकडाचं ठिगळ तेल जास्त पितं आणि त्याची चौकट दिसू लागते. वाचनालयातल्या फोरएंडला असं चौकोनी ठिगळ निघालं, इतकं सफाईदार की आधी मलाही दिसलं नव्हतं. बोटभर लांबीचा, दोन्ही कडा सुतासारख्या सरळ. कुणा सुताराने ते किती जीव लावून केलं असेल!

बोल्टला वेगळा न्याय

इतर भाग न जुळणं हा इतिहास आहे. बोल्ट न जुळणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे. म्हणून चालू शस्त्राच्या बाबतीत, तुमची परवान्याची तीनशे पंधरा असली तरी, इथे थांबून नीट बघा.

ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूने लॉक होतो. उजवीकडे लांब रिब, तिच्या समोरच्या बाजूला छोटी लग, म्हणजे उंचवटा. कारखान्यात ह्या दोन्ही बॉडीच्या खांद्यावर सारख्या टेकाव्यात म्हणून हाताने बसवत. जुळलेल्या बोल्टला या दोन्ही जागांवर घासल्याची चमक जवळजवळ सारखी असते. एकाच बाजूला चमक आणि दुसरीकडे जुनं ब्लूइंग तसंच असेल, तर सगळा जोर एकाच अंगावर येतो आहे.

पुढचं टोक म्हणजे बोल्ट हेड, ते वेगळं असतं आणि आट्यांनी बोल्टमध्ये घट्ट होतं. त्याच्या लांबीवर हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना बोल्ट हेड आणि नळीची मागची बाजू यांच्यात काडतुसाच्या कडेसाठी असणारी जागा, ठरते. थ्री-नॉट-थ्रीसाठी ही जागा ०.०६४ इंचापेक्षा कमी नको आणि सैन्याच्या मोजमापात ०.०७४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद होता कामा नये. नंतरच्या नंबर फोर नमुन्याच्या रायफलीत बोल्ट हेडवर ०, १, २, ३ असे मापाचे आकडे असतात. तो सिरियल नंबर समजू नका. हे मोजणं गेजनेच होतं, अंदाजाने नाही. कागदाची घडी घालून बघतो म्हणणाऱ्याकडे तुमचं शस्त्र देऊ नका. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या आणि त्याने पास केल्याशिवाय एकही गोळी उडवू नका.

दुसऱ्याकडून तीनशे पंधरा घेणार असाल, किंवा वडिलांच्या पश्चात शस्त्र तुमच्या नावावर करून घ्यायचं असेल, तर परवान्यावरचा नंबर शस्त्राच्या बॉडीशी ताडून बघा, आणि बोल्टचा नंबरही शेजारी लिहून ठेवा. परवानाधारक वारल्यावर ते शस्त्र कुटुंबाने पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं असतं. जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर नंबर नीट लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. परत घेताना हेच फोटो कामाला येतात. एका माणसाला आता दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, हे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं. घरात आजोबांची, वडिलांची मिळून तीन असतील तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

स्क्रू आणि रंग

हे लवकर आटपतो. स्क्रूच्या खाचा बघा. खाच रुंद झाली, कडा उकलल्या, तर बऱ्याच वेळा चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने उघडलेलं आहे. एकाच रायफलीत एका स्क्रूचं डोकं गंजकं आणि शेजारचं चमकदार असेल तर चमकदार तो नंतरचा. रंगाचंही तसंच. जुनं ब्लूइंग कडेला उडून धातू राखाडी होतो, एकाच वेगाने. सगळीकडे उडालेलं आणि एकाच भागावर ताजं, तर तो भाग वेगळा. दुरुस्तीनंतर ब्लूइंगऐवजी काळा रंग मारलेलाही दिसेल. रंगाखाली नंबर असतात, म्हणूनच तिरका उजेड लागतो.

नळदुर्गच्या रायफलीचं काय झालं

ताईंच्या वहीत दोन दिवसांत तीन पानं भरली. बॉडी इशापूरची, १९४२, मुकुट आणि जी.आर.आय.सह. बोल्टवर वेगळा नंबर, जुना खोडलेला नाही, म्हणजे तो तसाच दुसऱ्या नगातून उचललेला. ड्रिलच्या रायफलीत हे नेहमी होतं. नोज कॅपवर एक नंबर रेघ मारून खोडलेला आणि शेजारी बॉडीचा. ही फौजी दुरुस्ती. फोरएंडला आडवा स्क्रू आणि ते सुंदर ठिगळ. आणि नळीच्या जाड भागावर, काळ्या रंगाखाली, खडू लावल्यावर उमटलं: सिंह, आणि साल ५२.

संस्थेचे अध्यक्ष बराच वेळ शांत बसले. मग म्हणाले, “म्हणजे आमच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट खोटी का?”

मी त्यांना जेवढं धातूत लिहिलं होतं तेवढंच सांगितलं. बॉडी १९४२ ची आहे, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये ती अस्तित्वात होती आणि कुठेतरी कुणाच्या तरी हातात होती. नळी १९५२ ची आहे, म्हणजे त्या दिवशी ती नळी तिथे नव्हती. त्या दिवशी ही बॉडी नळदुर्गच्या पुलावर होती की हजार मैलांवर, ते रायफल सांगत नाही. ते युनिटच्या इश्यू रजिस्टरातच सापडू शकतं. आजोबांची गोष्ट वहीत आजोबांची गोष्ट म्हणून लिहा, त्यांच्या नावासह. पाटीवर मात्र जे दिसतं तेवढंच.

ताईंनी नवी पाटी स्वतःच्या अक्षरात लिहिली. ती अशी:

‘थ्री-नॉट-थ्री रायफल, मार्क थ्री स्टार. बॉडी: इशापूर, १९४२. नळी: इशापूर, १९५२. नोज कॅप: फौजेत बदललेली. बोल्ट: दुसऱ्या रायफलीचा. फोरएंड: हिंदुस्थानी पद्धतीचा, हाताने ठिगळ लावलेला. ड्रिलसाठी वापरलेली, आता निकामी. वरील सर्व खुणा भिंग मागितल्यास बघता येतील.’